पाळकगृहाचं पुढचं दार

ता. ४ जुलै

ती. आत्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

सुखरूप पोचले. चर्चशेजारचं हे पाळकगृह बघून तू हसशील. तुझं शिलाई मशीन, खाट आणि आपण दोघी, अशी आपली अख्खी खोली इथल्या व्हरांड्यात मावेल. आधीच्या पाळकांचं खटलं मोठं होतं. त्यांच्या मुलांची उंची अजून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडलेली आहे. मी एका खोलीत शिंकले की दुसरीतून उत्तर येतं.

चर्चची मंडळी मात्र दूरवर पांगलेली. रेल्वेच्या चाळी, गिरणीमागची वस्ती, नदीपलीकडची घरं, सगळा टापू माझ्याकडे. मी ठरवलंय, हे घर माझं एकटीचं नाही, सगळ्यांचं. रोज संध्याकाळी पुढचं दार सताड उघडून, खुर्च्या पुसून बसते. मागच्या दाराला तेवढी कायम कडी. एकटीला भीती वाटते, पण हे कुणाला सांगू नकोस. अजून कुणी आलं नाही. येतील.

तुझी लाडकी,
पंडितीण

ता. १२ जुलै

चि. पंडितीणबाईंस,
अ. आ. वि. वि.

आपल्या घरातली पहिली पदवीधर, आणि दार उघडून माश्या मोजत बसली आहे! शेजारीण विचारत होती, मुलगी पाळक झाली म्हणजे नक्की करते काय. मी म्हटलं, खुर्च्या पुसते.

अगं, मेंढरं रानात नि मेंढपाळ घरात, असं कुठे असतं का? कुणी येत नसेल तर तू जा. नाहीच करमलं तर परत ये, त्यात कमीपणा नाही. तुझ्या खाटेवर मी कापलेले कपडे ठेवते, पण ते उचलायला कितीसा वेळ लागतो?

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी आत्या

ता. २ ऑगस्ट

ती. आत्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं ऐकून घरोघर गेले. सगळ्यांनी चांगली खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मी उठले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

कारण गेल्या आठवड्यात कळलं. चर्चची घंटा वाजवणारे आजोबा मागच्या दाराशी येऊन कडी खडखडवत बसले. उघडल्यावर आधी मला चांगलं झापलं. म्हणाले, इथे पाळकगृहाचं पुढचं दार मंडळीतलं माणूस गेलं तरच उघडतात. लांबून दिसलं की लोक समजतात. पहिल्या संध्याकाळी चाळीतल्या बायका आपापली म्हातारी माणसं बघायला घरी पळाल्या होत्या. मग रोजच उघडं दिसायला लागल्यावर त्यांना वाटलं, ही बाई कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसली आहे. एरवी लोक मागून येतात, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून मनातलं सांगतात. आलेही होते काही जण. कडी बघून परत गेले.

मी आधी हसले, मग हसू थांबलं आणि रडू आलं. आता मागचं दार उघडं असतं. येतात ते फक्त आजोबा. चहा पितात नि जातात. माझ्याच्याने होत नाही गं. महिनाअखेरीस मोकळं करा, असा अर्ज वरिष्ठांना लिहून ठेवलाय. खाट रिकामी कर.

तुझीच

ता. ९ ऑगस्ट

चि. पोरीस,
अ. आ. वि. वि.

खाट रिकामी केली. गादीला ऊन दाखवलं. फडताळातून तुझा कप काढून घासून ठेवला. शेजारणीला सांगून टाकलं, ती आता सगळ्या गल्लीला सांगेल.

तू होतीस तेव्हा तुझ्या मोठ्याने वाचण्याचा वैताग यायचा. आता मशीन थांबलं की खोली इतकी गप्प होते की मी उगाच रिकामंच चालवते. लवकर ये.

तुझी आत्या

ता. २५ ऑगस्ट

ती. आत्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

घंटावाले आजोबा चार दिवसांपूर्वी गेले. सकाळी पायरीवर आले नाहीत म्हणून बघायला गेले, तर झोपेतच. घंटा वाजवणार कोण? मी येऊन पुढचं दार उघडलं.

दुपारपर्यंत पाळकगृहात उभं राहायला जागा नव्हती. गिरणीतले लोक कापसाच्या तुसासकट आले, नदीपलीकडचे होडीने आले. ज्या खुर्च्या मी रोज पुसत होते, त्या सगळ्या भरल्या, आणि ज्यांच्यासाठी भरल्या ते नव्हते. चाळीतल्या एका बाईने मला हाताला धरून बसवलं. म्हणाली, सकाळपासून उभी आहेस, तुझंही माणूस गेलंय. संध्याकाळी तिनेच ते दार लावलं.

दुसऱ्या दिवशी ती मागून आली आणि पायरीवर बसून सासूचं सगळं सांगून गेली. तेव्हा कळलं, मला नेमलं होतं मंडळीवर आणि मी राखत बसले होते घर.

आत्या, अर्ज पाठवला नाही. घर अजून तेवढंच मोठं आहे, संध्याकाळ अजून खायला उठते. तू इथे येशील? तू गादीला ऊन दाखवलंस, हे सारखं मनात येतं.

तुझीच

ता. २ सप्टेंबर

चि. पाळकबाईंस,
अ. आ. वि. वि.

बरं केलंस. मी कुठे येऊ? या वयात गिऱ्हाइकं नि गल्ली सोडून मला तुझ्या व्हरांड्यात हरवायला व्हायचं. भेटायला मात्र येईन. तेव्हा मागचं दार उघडं ठेव, पुढचं इतक्यात नको.

खाटेवर पुन्हा कपडे ठेवलेत. शेजारणीला अजून सांगितलं नाही. तुझा कप बाहेरच आहे. रोज माझ्या कपाबरोबर घासते.

तुझी आत्या