कोटाला जागा

१६ जुलै, बुधवार
उन्हाळ्याची सूट संपली, कोर्टात कोट परत सुरू. कॉटखालची बॅग ओढून उघडली तर कॉलरवर पांढरी बुरशी. चार महिने बॅगेत कोंबलेला कोट दुसरं काय करणार! ओल्या फडक्याने पुसला, इस्त्री फिरवली, तरी कुबट वास गेला नाही. सगळा दिवस सिनियर मॅडमपासून दोन हात लांब उभी.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, संजय, दाराजवळची खुंटी मला दे. घरात खुंटी एकच. तिच्यावर त्याचं कंपनीचं जॅकेट, हेल्मेट, रेनकोट आणि डब्याची पिशवी. मालकीणबाई भिंतीला खिळा मारू देत नाहीत. रंग खराब होतो म्हणे. तो रंग आम्ही राहायला यायच्या आधीचा आहे.

"माझं रोजचं असतं गं."
"माझंही रोजचंच आहे."
"तुझं अजून कुठं रोजचं..." एवढं म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

लागलं मला. लिहून ठेवते. खुंटी नाही तर नाही, पण कोटाला ह्या घरात जागा करणार.

१७ जुलै, गुरु.
कोट हँगरला लावून स्वयंपाकघराच्या दारावर अडकवला. उंच, कोरडा, कुणाच्या वाटेत नाही. इतकं सोपं होतं! उगाच डोकं खाल्लं सगळ्यांचं.

१८ जुलै, शुक्र.
सोपं नव्हतं. आखाड चाललाय हे विसरले. श्रावण लागायच्या आत खाऊन घ्यायचं, म्हणून आत्यांनी (सासूबाईंनी) काल रात्री सुकट भाजली. लसूण, मिरची, सगळं साग्रसंगीत. मी पण दोन भाकरी हाणल्या. कोट सगळं बघत दारावर लटकलेला.

सकाळी बार रूममध्ये शेजारची वकीलबाई नाक वर करून इकडेतिकडे बघायला लागली. मग माझ्याकडे. "आखाड जोरात दिसतोय, मॅडम." सगळ्या हसल्या. मी पण हसले. आतून मेले.

घरी येऊन आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग वास चांगलाच आसंल की. सुकट ताजी हुती."

२० जुलै, रवि.
रात्री कोट मागच्या गॅलरीत तारेवर लावला, वारा लागावा म्हणून. पहाटे मालकीणबाईंची किंकाळी. फुलं तोडायला खाली आल्या होत्या, अंधारात वर बघितलं तर काळा माणूस लटकलेला. अख्खी गल्ली जागी झाली. संजय बनियनवर धावला. मी कोट काढून आत आणेपर्यंत समोरच्यांनी तोंडावर पाणी मारून त्यांना खुर्चीत बसवलं होतं.

"गॅलरीत परत हे दिसलं तर खोली सोडायची," म्हणाल्या. हसू येत होतं पण त्या खरंच घाबरल्या होत्या. माफी मागितली. चहा करून दिला.

कोट परत बॅगेत. आजच्या दिवसापुरताच.

२१ जुलै, सोम.
आज बुटांची पाळी. आमचं दार उघडलं की थेट खोली, आणि खोलीत समोरच देव. म्हणून सगळ्यांच्या वहाणा बाहेर जिन्याच्या पायरीवर. संजयचे सेफ्टी शूज कुत्रं उचलत नाही, जड असतात. माझा कोर्टाचा डावा बूट नेला. लेकीने, तनूने, शाळेत जाताना गल्लीभर शोधला. सापडला तो नळाच्या खड्ड्यात, टाच चावलेली.

काळा कोट, पांढरा बँड, खाली पावसाळी रबरी चप्पल. चालताना पचक पचक. जजसाहेबांसमोर तारीख मागायला उभी राहिले तेव्हा पाय टेबलाच्या आड लपवले. वय चाळिशीला टेकलंय, लेक नववीत गेल्यावर सनद मिळाली, आणि मी पाय लपवतेय.

मॅडमनी बघितलं. दुपारी म्हणाल्या, "कोट नि बूट माझ्या चेंबरला ठेवत जा. कपाट आहे. येताना घालायचे, जाताना काढायचे."

मायाळू बाई. थँक्यू म्हटलं. हो म्हटलं नाही.

२२ जुलै, मंगळ.
संजयला चेंबरचं कळलं. "झालं की काम! कशाला डोक्याला ताप?"

त्याला नीट सांगता आलं नाही, इथे लिहिते. कोट चेंबरला ठेवला तर घरातून मी पिशवी घेऊन निघणार, भाजीला निघाल्यासारखी. इथून, नागापूरहून, रिक्षात बसणार ती कुणाची तरी बायको. गल्लीतल्या बायका विचारणार, कुठं चालल्या? वकील व्हायचं ते पार कोर्टात पोचल्यावर, आणि पाच वाजता परत काढून ठेवायचं, कुणाची वस्तू वापरायला आणल्यासारखं. संजय जॅकेट घालून निघतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही कुठं चालला. मला माझ्या दारातून कोट घालून बाहेर पडायचंय. बस.

त्याला एवढंच म्हटलं, "नाही ठेवणार तिथे."
"हट्टी आहेस."
"आहे."

२३ जुलै, बुध.
घर मोजलं. विती आणि बोटांनी, टेप सापडली नाही. भिंतीला हात न लावता उभं राहील असं स्टँड पाहिजे. खाली बूट, वर कोट. जागा एकच निघते: दार आणि आत्यांच्या कॉटची उशाकडची बाजू ह्यांच्या मधली, दीड वीत. बाकी सगळीकडे देव, कपाट, टीव्ही नाहीतर शिलाई मशीन.

येताना एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याला चित्र काढून दिलं. चौकोनी पाइप, अरुंद, खाली दोन जाळ्या. त्याने विचारलं, "कुंड्या ठेवायला का, ताई?" म्हटलं, वकील ठेवायला.

आत्यांना विचारलं नाही. आधी येऊ दे घरात.

२५ जुलै, शुक्र.
श्रावण लागला. स्टँड आलं. संजयनेच आणलं गाडीवर, तनूला मागे धरायला बसवून. तोंड वाकडं होतं, पण आणलं. दीड वितीत बरोब्बर बसलं. जाळीवर बूट (नवे घेतले, पट्ट्याचे), वर कोट. दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले. सुरेख दिसत होतं.

आत्या देवळातून आल्या. बघितलं.
"माझ्या उशाला जोडे?"
"धुऊन पुसून ठेवीन, आत्या. रोज."
"सोन्याचे का आसंनात. डोक्यापाशी जोडे घिऊन मानूस झोपतं व्हय?"

तनू म्हणाली, मग आजी, कॉट फिरवू. डोकं तिकडे, पाय इकडे.
"तिकडं उत्तर हाय. उत्तरंला डोकं मी मेल्यावर करा."

कॉट आडवी केली तर स्वयंपाकघराचं दार बंद होतं. करून बघितली. संजय घामाघूम. शेवटी कॉट जागेवर आणि स्टँड खोलीच्या मधोमध, टीव्हीसमोर. जेवताना सगळे त्याला वळसा घालून जात होते. कुणी हसलं नाही.

मी पण मागे हटणार नाही. पण त्यांचंही चुकत नाही. तीच पंचाईत आहे.

२६ जुलै, शनि.
स्टँड तसंच मधे. संजयचा अंगठा ठेचला त्याला. शिव्या त्याने स्टँडला दिल्या, ऐकवल्या मला.

दुपारी आत्यांच्या भावाचा फोन. किसनमामा, पाथर्डीच्या पुढे गाव. आत्यांना नीट ऐकू यावं म्हणून स्पीकरवर लावून दिला. मामा फार गोड. "आक्का, औंदा पंचमीला यायचंच. लई वर्सं झाली. झोका बांधलाय." आत्यांचा चेहरा असा खुलला! मग मामा म्हणाले, "अन् आलीच हाईस तर तालुक्याला जाऊन एक सही करून टाकू. सातबाऱ्यावर तुजं नाव उगं आडकून पडलंय. हक्कसोड करून दिलं की मोकळं."

आत्या "बरं बरं" म्हणाल्या. फोन ठेवला. मग किती तरी वेळ गहू निवडत बसल्या. सगळे निवडून झालेलेच होते.

त्यांचं माहेर, त्यांचा भाऊ. विचारल्याशिवाय वकिली करायची नाही हे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पण जीभ आवरणं फार अवघड गेलं.

२७ जुलै, रवि.
सकाळी चहाला आत्यांनी हाक मारली. कॉटवर बसलेल्या, स्टँडकडे तोंड करून.

"सही केल्यावर माघारी घेता येती का गं?"
"सहजी नाही, आत्या. फार भांडावं लागतं."
"अन् न्हाई केली तर?"
"तर तुमचा वाटा तुमचाच. भावाइतकाच. कुणी जबरदस्ती करू शकत नाही. पण मामा..."
"मामाचं मला ठावं हाय. न्हाई केली तर भाऊ तुटंल. पंचमीला कोन बोलवीन मला? केली तर... माज्या बापानं मरताना नाव लावलंय त्ये. माज्या हातानं पुसू?"

डोळ्यांत पाणी होतं पण आवाज खणखणीत.

"मी काय करावं ते मी ठरवीन. तितं गेल्यावर, भावाच्या तोंडाकडं बघून ठरवीन. पन कागूद वाचून दाखवायला माजं मानूस पायजे. तू चल संगं. आशी न्हाई, साडीवर. कोट घालून चल."

"येते, आत्या."

"मंग ठेव ते तुजं सामान माज्या उशाला. उशी जरा खाली सरकवीन मी."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही थोडं थोडं झालं. संजयने स्टँड उचललं आणि दीड वितीत सरकवलं. मग आपले सेफ्टी शूज घेऊन आला, खालच्या जाळीवर ठेवायला.

"तुझी खुंटी आहे ना?"
"बुटं काय खुंटीला टांगू?"
बरं, खालची जाळी दिली त्याला. वरची माझी.

मॅडमना फोन केला, दोन दिवस सुट्टी. त्यांनी बजावलं, बँड लावू नको, तो कोर्टाबाहेर चालत नाही. कोट चालेल. आणि म्हणाल्या, घरच्या कामात सगळ्यात जास्त शिव्या खाव्या लागतात, तयारीने जा. तयारी आहे की नाही, माहीत नाही. मामा माणूस वाईट नाहीत. माझ्या लग्नात पंगतीला तूप वाढत फिरले होते.

२८ जुलै, सोम. सकाळ
रात्री आत्या झोपल्या का ते उठून बघितलं. कोटाच्या खाली डोकं, तोंड भिंतीकडे. झोपल्या होत्या, घोरत.

कोट घातला. वास कसलाच नाही. आरसा स्वयंपाकघरात आहे, तिथे जाऊन बघून आले. संजय फर्स्ट शिफ्टला जाताना दारात थांबला होता, बघत. "चांगली दिसतेस" म्हणाला नाही, "गाडीला गर्दी असेल, लवकर निघा" म्हणाला. चालेल.

निघायच्या तयारीत असताना मामांचा फोन, परत स्पीकरवर. पोरगा एसटी स्टँडवर गाडी घेऊन येईल, किती वाजता पोचताय?
"दुपारपतोर पोचतो."
"संगं कोन हाय? सूनबाई का?"
आत्या पदर नीट करत होत्या.
"सूनबाई न्हाई. माजी वकील येतीया."

तिकडून "बरं, या" असं हळू आलं आणि फोन बंद झाला.

मी पिशवी भरायला वळले. मागे बघते तर आत्यांनी जाळीवरून माझे बूट स्वतःच्या हाताने काढले, पदराने पुसले आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर ठेवले, पाय घालायला सोपे जावेत असे. मी पळत गेले, अहो आत्या, अहो काय हे. "चल, गाडी चुकंल," एवढंच म्हणाल्या.

उभ्यानेच लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. आत्या बाहेरून हाका मारतायत. सही होईल का नाही, मला माहीत नाही. त्यांनाही अजून नाही.