कार्ड कुणी जोडायचं

प्रिय बारक्या,

आई गेली तेव्हा आलास तेवढं सोडलं, तर चार वर्षांत तुझा हा पहिला शब्द. आणि तोही काय, तर नवं ग्राफिक्स कार्ड बाजारात आलंय, सगळ्यात वरचं, घ्यावं का, आणि घेतलं तर तू येऊन जोडून देशील का. बस. ताई कशी आहेस, गुडघा काय म्हणतो, काही नाही! त्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर करून मी तशीच वाकलेली राहिले आणि मेसेज तीनदा वाचला. शेजारचे चाव्यावाले काका म्हणाले, कंबर धरली वाटतं. म्हटलं हो, कंबरच. फोन करणार होते, पण फोनवर मी काय करते ते तुला ठाऊक आहे. नको तो विषय निघाला की गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून देते. म्हणून कागद घेऊन बसलेय. दुकान आज उघडलेलं नाही.

आधी कार्डाचं बोलते, ते सोपं आहे. परवा एक हातात घेऊन पाहिलं. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, वजनाला असं की खालून टेकू दिला नाही तर वाकतं. वीज इस्त्रीसारखी खातं. तुझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये ते मावणार नाही, पॉवर सप्लायही बदलावा लागेल, म्हणजे एक घ्यायला जाशील आणि तीन घेऊन येशील. गेल्याच आठवड्यात एक दातांचे डॉक्टर हेच कार्ड मागायला आले. कशासाठी, तर मुलाच्या मित्राकडे आहे म्हणून. हौसेला मोल नसतं, पण मी त्यांना सरळ सांगितलं, मागच्या वर्षीचं घ्या, फरक फक्त खोक्यावरच्या आकड्यांत दिसेल. रागावून गेले. जाईनात का. गिऱ्हाइकाला नको ते गळ्यात मारायचं नाही एवढं तरी मी पाळलंय.

तुझं वेगळं आहे. कशासाठी हवंय ते तू लिहिलं नाहीस, पण मी काय दूधखुळी आहे? तो पाण्याखालचा घड्याळजीच ना? मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून त्याच्या कार्टून फिल्मची तीन मिनिटं केली होतीस. एकेक चित्र तयार व्हायला चाळीस चाळीस मिनिटं लागायची, आणि तू समोर बसून राहायचास, दूध उतू जाईल म्हणून बसावं तसा. मी म्हणायचे, अरे घड्याळजी पाण्यात कशाला, हवेत बसव की, चार मिनिटांत होईल. तर म्हणालास, ताई, पाण्यात घड्याळं बंद पडतात, म्हणून तर त्याला काम आहे. आईला ते इतकं आवडलं होतं की ती येईल त्याला सांगत सुटायची. चार वर्षं तू शीतगोदामात खोकी हलवतोयस. हातात दोन दोन मोजे घालून. आणि आता कार्डाचं विचारतोयस, म्हणजे तो माणूस तुझ्या डोक्यातून गेलेला नाही. मला इतकं बरं वाटलं. घ्यावं का याचं उत्तर शेवटी देते, कारण ते तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे.

येऊन जोडून देशील का! सहा वर्षं माझ्या दुकानात ज्यानं शेकड्यांनी मशिनी जोडल्या, तो मला विचारतो. तू का विचारतोस ते मला कळतं. तुझ्या हातांवरचा तुझा भरवसा उडाला आहे. तू दुकानात आलास तेव्हा पहिल्या दिवशी मी तुला एकच गोष्ट शिकवली होती. प्लग आत ढकलायचा, खट् आवाज ऐकायचा, एकदा ओढून बघायचा, मगच हात काढायचा. पडदा उजळला म्हणजे काम झालं असं नसतं. अर्धवट बसलेला प्लगसुद्धा पडदा उजळवतो, आणि मग आतल्या आत तापत राहतो. हे मी तुझ्या डोक्यात इतकं भरलं की तू मला चिडवायला जेवणाच्या डब्याचं झाकण लावतानाही कान जवळ नेऊन खट् म्हणायचास. ओढूनही बघायचास. एकदा त्यात आमटी सांडली होती.

आता ज्याचं नाव आपण दोघं काढत नाही ते काढते. इमारतबाई. न बांधलेल्या इमारतींची चित्रं करणारी, म्हणून तूच तिला ते नाव दिलंस. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर, बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले वडील. जन्मभर टायपिस्ट होते, आणि अर्ध्या अंगावरून वारं गेल्यावर डावा हात तेवढा राहिला होता. पाणी हवं असलं की पलंगाच्या गजावर चमचा वाजवायचे. तू गेलास की ते तुला थांबवून घ्यायचे आणि नवी इमारत दाखव म्हणायचे. जिने मोजायचे, आणि म्हणायचे, यातला एकही मला चढायचा नाही, तेव्हा कितीही बांधा. त्यांचं हसणं आठवतं तुला? मला आठवतं. पंख्यांच्या आवाजानं त्यांची झोप मोडू नये म्हणून तिनं मधल्या भिंतीला फोमच्या लाद्या चिकटवल्या होत्या. तिच्यासाठी तू त्या वेळचं सगळ्यात मोठं कार्ड बसवलंस, सोमवारी. आपल्या वहीत लिहिलंस, जोडणी अमुक, तपासणी अमुक, दोन्हीकडे तुझीच सही.

पुढच्या आठवड्यात बुधवारी दुपारी ती एका इस्पितळाची चित्रं मशीनवर तयार व्हायला लावून वडिलांची औषधं आणायला खाली उतरली. औषधवाल्याकडे गर्दी होती. पंचवीस मिनिटं गेली. प्लग वितळला, केबल पेटली, आग फोमला लागली. जळाली ती बाहेरची खोलीच, पण धूर आत गेला, आणि आत उठू न शकणारा माणूस होता. खालच्या मजल्यावरच्यांनी चमच्याचा आवाज ऐकला होता. रोजचाच म्हणून कुणी वर गेलं नाही. चौकशीला आलेल्या माणसानं तो काळा पडलेला प्लग चिमट्यात धरून दाखवला आणि म्हणाला, हा पूर्ण बसलेलाच नव्हता, कुणी बसवला? तू माझ्याकडे पाहिलंस. मग वहीकडे पाहिलंस. मग म्हणालास, मी.

नंतर बाईंनी तक्रार पुढे नेली नाही. म्हणाल्या, त्या मुलाकडे बघवत नाही मला. पण अहवालात तुझं नाव लागायचं ते लागलंच. तू स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवलास आणि गेलास, तो अजून तिथेच आहे, मी त्याला हात लावलेला नाही. आई शेवटपर्यंत म्हणत होती, पोरगं पहिल्यापासून धांदरट, माझंच लक्ष कमी पडलं. दवाखान्यातसुद्धा म्हणाली. मी तिचे पाय चेपत होते. आई, तो धांदरट नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. दोन महिने ती अंथरुणावर होती, साठ दिवस मिळाले मला, आणि मी पाय चेपत राहिले. ती गेली तेव्हा तू दारातच उभा राहिलास, आत ये म्हटलं तरी आला नाहीस. माझ्या हातानं काही बिघडायला नको, असं काहीसं पुटपुटलास. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता लिहिते. मध्ये चहा करून आले, दोनदा हात धुऊन आले, आता कारणं संपली. तू कार्ड बसवलंस त्यानंतर दोन दिवसांनी बाईंचा फोन आला की कॅबिनेटची काच नीट बसत नाही, खडखडते. तू माल आणायला गेला होतास, म्हणून मी गेले. हे तुला माहीत आहे. काच बसवून आले असं मी तुला सांगितलं, बाईंनीही चौकशीत तेच सांगितलं, कारण त्या तेव्हा स्वयंपाकघरात होत्या आणि त्यांना तेवढंच माहीत होतं. पण काच नुसती बसेना, बारक्या. कार्ड लांब, प्लग बाहेर आलेला, केबल काचेला अडत होती. मी प्लग काढला. केबल खालून वळवली आणि प्लग परत लावला. मानेत फोन धरला होता, दुकानात कुणी खोळंबलं होतं ते ओरडत होतं, आतून चमचा वाजत होता. पडदा उजळला. मी काच लावली आणि निघाले. दोन मिनिटांचं काम म्हणून वहीतही लिहिलं नाही. खट् मी ऐकला नाही. ऐकला नाही हे मला जिन्यातच जाणवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर मी थांबलेसुद्धा. मग म्हटलं, चालू झालंय ना, आणि उतरले. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान!

चिमट्यातला प्लग पाहिला तेव्हा मला क्षणात सगळं कळलं. तू मी म्हणालास आणि मी गप्प बसले. दुकान बंद पडेल, आईला कोण बघेल, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मी भ्याले, दुसरं काही नाही. पण त्याहून वाईट जे केलं ते पुढच्या आठवड्यात. तू जेवत नव्हतास. ताटावर बसून पुन्हा पुन्हा म्हणत होतास, ताई, मला आवाज आल्याचं पक्कं आठवतंय गं, मी ओढूनही बघितला होता. आणि मी तुला म्हणाले, आठवणीचं काय घेऊन बसलास, माणसाला जे हवं तेच आठवतं. तू घास खाली ठेवलास. त्यानंतर तू ते कधीच बोलला नाहीस. चूक माझ्या हातून झाली ती दोन मिनिटांत. हे वाक्य मात्र मी तुझ्या तोंडाकडे बघून, समजून उमजून बोलले.

तुझा मेसेज आला नसता तर कदाचित मी हे बरोबर घेऊन मेले असते, आणि तू तुझं. पण तू लिहिलंस, तू येऊन जोडून दे. म्हणजे जे हात विश्वासाचे ते सोडून तू माझे हात मागतोयस. ते मला सोसेना. मंगळवारी मी इमारतबाईंकडे गेले. आता चुलतबहिणीकडे राहतात. दारातच उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, भावाला सांगितलंत? मी नाही म्हटलं. म्हणाल्या, मग आधी माझ्याकडे कशाला आलात, आणि दार लावून घेतलं. पाकिटात दुसरा कागद आहे, माझ्या सहीचा कबुलीजबाब. याचीच एक प्रत मी काल चौकशीच्या कचेरीत दिली, आता जे व्हायचं ते होऊ दे. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, त्या दिवशी ताटावर तुझ्या तोंडचा घास मीच काढला होता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं देते. कार्ड घे. मोठंच घे, पाणी त्यावर चांगलं येईल. आणि मला बोलावू नकोस, स्वतः जोड. त्या सोमवारी तू खट् ऐकला होतास, बारक्या. तुला बरोबर आठवत होतं.

म्हणू देशील तर तुझीच,
ताई