एकशे अठरा सेंटिमीटर

वुडलँड्स, सिंगापूर,
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

ती. बाबांना,

नमस्कार. 'साष्टांग' लिहिलेलं नाही. ते राहून गेलं असं समजू नका.

मी बरा आहे. खोली बरी आहे, पंखा दुरुस्त झाला. आईला सांगा, रविवारी दिलेल्या कोथिंबीरवड्या कालच संपल्या. डबा धुऊन ठेवलाय, आर्याबरोबर परत पाठवतो. ती गुरुवारी शाळेनंतर माझ्याकडे येणार आहे. का येणार आहे, ते पुढे लिहितो.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. आणि मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत मी उद्धट वाटतो असं तुम्हीच म्हणता. माझं मराठी पुण्यातल्या चौथीपर्यंतचं, म्हणून शब्दकोश जवळ घेऊन बसलोय. हे पत्र दोनदा उतरवून काढलंय. शुद्धलेखनावर बोट ठेवून तुम्हाला विषय टाळता येऊ नये, एवढीच इच्छा.

तुम्ही रविवारी लिफ्टपाशी माझ्या हातात दिलेला फॉर्म समोर आहे. आर्याच्या नव्या बॅडमिंटन क्लबचा, तिच्या गुडघ्याच्या टेस्टचा. "शुक्रवारपर्यंत भरून पाठव. तुला दहा मिनिटांचं काम. लॅबची तारीख पुढच्या महिन्यातली मिळतेय आणि ट्रायल शनिवारी आहे."

हेच वाक्य तुम्ही गेल्या वर्षी जानेवारीतही म्हणाला होतात. बहुतेक तुमच्या लक्षातही आलं नसेल. लिफ्टचं दार बंद झालं. सेंगकांगच्या घरापासून वुडलँड्सपर्यंत मी तो फॉर्म पिशवीत न ठेवता हातात धरून आणला, कारण चुरगळायला नको. बघा, अजूनही मी असाच आहे.

फॉर्म मी भरणार नाही.

आता रविवारच्या जेवणाबद्दल. शिरीषकाकांच्या अवनीने सरळ प्रश्न विचारला होता, तोही मला. "दादा, स्पोर्ट्‌स सायन्स केलं तर पुढे काय करता येतं?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही सुरू झालात. टीमबरोबर फिजिऑलॉजिस्ट होता येतं, ताकद वाढवणारे कोच असतात, मॅचचे व्हिडिओ बघून आकडे काढणारे अ‍ॅनालिस्ट असतात, शाळेत पीई शिकवता येतं, हॉस्पिटलात हार्ट पेशंटचे व्यायाम घेता येतात. एकही चुकलं नाही. चुकणार कसं? पॉलिटेक्निकनंतर मी हा विषय घ्यायचा म्हणालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "म्हणजे पीटीचे सर होणार? त्यासाठी सिंगापूरला आणलं तुला?" आणि मी रात्रभर बसून एक पान टाइप करून तुमच्या चहाच्या कपाखाली ठेवलं होतं. अवनीला तुम्ही म्हणून दाखवलंत ते माझं पान होतं, बाबा. त्याच क्रमाने.

मग म्हणालात, "पण झेपायला हवं. आमच्या वेदांतला दोन वर्षांत झेपेना. आता वुडलँड्सला म्हाताऱ्यांना खुर्चीवरून उठवतो आणि परत बसवतो."

शिरीषकाका हसले. मीसुद्धा हसलो. आई ताटं उचलायला लागली, जेवण संपलं नव्हतं तरी.

दुसऱ्या वर्षी फिजिऑलॉजीत मी वर्गात तिसरा होतो. ते पत्रक तुम्ही फ्रिजवर लावलं होतं. झेपलं नाही म्हणे!

आणि हो, मी म्हाताऱ्यांना खुर्चीवरून उठवतो. पायांची ताकद मोजायची टेस्ट आहे ती: हात छातीवर घडी करायचे आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा उठता येईल तितक्या वेळा उठायचं. मी घड्याळ धरतो आणि मोजतो. गेल्या महिन्यात गो आंटी, वय अठ्ठ्याहत्तर, नऊ वेळा पूर्ण उठल्या आणि दहाव्या वेळी बूड जेमतेम उचललं तेवढ्यात वेळ संपली. अर्ध्याहून जास्त उठल्या असत्या तर नियमाने एक धरता येतो. त्या तेवढ्या उठल्या नव्हत्या. मी नऊ लिहिलं. त्या वहीत डोकावून ओरडल्या, "अय्यो बॉय! टेन, लाह! हाफ ऑल्सो काउंट!" सगळा हॉल हसत होता. मी म्हटलं, "सॉरी आंटी, नाइन." दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण दहाच्या आतला आकडा लिहिला म्हणून फिजिओने त्यांची तपासणी केली आणि व्यायाम बदलून दिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला केळीच्या पानातली मिठाई आणून दिली. म्हणाल्या, "स्टबर्न बॉय. युअर फादर मस्ट बी वेरी स्ट्रिक्ट."



रविवारी तुम्ही सगळे आइस्क्रीम खात होतात तेव्हा मी आर्याच्या खोलीत चार्जर आणायला गेलो. टेबलावर तिची व्यायामाची वही उघडी होती. तुम्ही ती वही पाहिली आहे का हो? सतरा महिने, एकही दिवस रिकामा नाही. ताप आला होता त्या दिवशीही 'फक्त स्ट्रेचिंग' असं लिहिलंय. मी उलटत उलटत पहिल्या पानावर गेलो. तिथे मोठ्या अक्षरांत इंग्रजीत एकच ओळ आहे. मराठीत लिहितो: 'माझा गुडघा दुसऱ्यांदा गेला कारण मी आळशी होते.'

ती मागून आली आणि वही ओढून घेतली. "दादा, डोन्ट रीड, लाह."

मी विचारलं, "हे कोणी सांगितलं तुला?"

"बाबा. आणि कोचपण. मी सगळे सेट्स करत नव्हते ना तेव्हा. तुझ्या टेस्टमध्ये तर मी पास झाले होते. मग प्रॉब्लेम माझाच ना?"

खांदे उडवून, अगदी सहज म्हणाली. मला वाटलं, जाऊन तुमच्या हातातली आइस्क्रीमची वाटी भिंतीवर मारावी. मी चार्जर घेऊन बाहेर आलो आणि तुमच्या शेजारी बसून व्हॅनिला खाल्लं.

तर तो गुरुवार, ११ जानेवारी २०२४. मी लिहितो. चूक असेल तिथे दुरुस्त करा.

आर्याच्या पहिल्या ऑपरेशनला दहा महिने झाले होते. शनिवारी निवडीची ट्रायल होती. लॅबची तारीख महिनाभर पुढची होती. जुन्या क्लबचा कोच तुम्हाला म्हणाला, "तुमचा मुलगा हेच शिकतोय ना? त्याची सही चालेल." माझी सही चालायला नकोच होती. मी दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होतो, वर शिक्षक असल्याशिवाय मला कोणाला पास करायचा अधिकार नव्हता. हे मी तुम्हाला जेवताना दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "घरचंच काम आहे."

संध्याकाळी साडेसहाला आपण तिघं खाली, ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत गेलो. मी जमिनीवर चिकटपट्टी लावली. एका पायावर उभं राहायचं, त्याच पायावर लांब उडी मारायची, त्याच पायावर स्थिर उतरायचं. आर्या तिला लंगडीची टेस्ट म्हणायची. ऑपरेशन झालेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के यायला हवी, नाहीतर कोर्टवर जायचं नाही. टेपचं एक टोक तुमच्याकडे होतं, दुसरं माझ्याकडे.

उजवा पाय, एकशे बेचाळीस.

डावा पाय, एकशे अठरा.

तुम्ही म्हणालात, "टेप सैल धरलास तू. परत घे." परत घेतली. एकशे सोळा. पुन्हा. एकशे सतरा. चौथ्यांदा उतरताना तिचा गुडघा आत वळला, तेव्हा मी म्हटलं, आता पुरे. ती हसत होती. "दादा, पास कर ना, प्लीज. मी तुला बबल टी देते." तुम्ही तिला वर पाठवलंत; टक्के किती आले ते तिला कधीच कळलं नाही.

मग माझ्या हातातला कच्चा कागद घेऊन, खांबाला टेकवून, तुम्ही स्वतःच्या पेनने भागाकार केलात. तुम्हाला आकडे अर्धवट सोडवत नाहीत. कोपऱ्यात लिहिलंत: ८३%. थोडा वेळ बघत राहिलात. आणि कागद परत देऊन म्हणालात, "फॉर्म तूच भर. तुला त्यातलं कळतं." आणि वर गेलात.

मी दीड वर्ष मनात हेच घोकतोय की बाबांनी मला आकडा बदलायला लावला. माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या माणसालाही मी तसंच सांगितलं. या पत्राच्या पहिल्या प्रतीतही तसंच लिहिलं होतं. ते पान मी फाडलं. तुम्ही तसं एका शब्दानेही म्हणाला नव्हतात. तुम्ही फक्त जिना चढून गेलात. ते तुम्हाला फार छान जमतं.

एकशे एकोणतीस मी लिहिलं. कॅल्क्युलेटरवर आधी काढून पाहिलं की किती लिहिलं म्हणजे नव्वदच्या थोडं वर जाईल. बरोबर नव्वद आलं तर संशय येईल, हाही विचार केला. एक्याण्णव टक्के. खाली सही, नाव, विषय, वर्ष दुसरं. सुवाच्य अक्षरात. मला काहीही खराब अक्षरात लिहिता येत नाही.

शनिवारी दुसऱ्या मॅचमध्ये नेटजवळची शटल घ्यायला ती डाव्या पायावर वाकली. तो आवाज तुम्ही स्टँडवरून ऐकला की नाही, मला माहीत नाही. मी कोर्टशेजारी होतो. मी ऐकला.

त्यानंतर लॅबमध्ये मला एकही आकडा लिहवेना. प्रत्येक रीडिंग चार-चार वेळा तपासायचो. मागे मुलांची रांग लागायची, "ब्रो, कॅन हरी अप?" तिसऱ्या वर्षी खऱ्या खेळाडूंबरोबर काम असतं. तिथे कोणाचा तरी गुडघा माझ्या आकड्यावर उभा राहिला असता. मी परीक्षा दिली, पास झालो आणि नाव काढून घेतलं. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, झेपलं नाही. मी म्हणू दिलं. मला वाटलं, तेवढी शिक्षा घेतली की हिशेब मिटला. मला ठाऊकच नव्हतं की त्याच वेळी आतल्या खोलीत आर्या माझ्या वाटची शिक्षा रोज सकाळी सहाला उठून भोगतेय. तुम्हाला ठाऊक होतं. कोपऱ्यात ८३ लिहिणाऱ्या माणसाने पंधरा वर्षांच्या मुलीला सांगितलं, तू आळशी म्हणून झालं. कसं जमलं तुम्हाला? मला खरंच जाणून घ्यायचंय. मला तर नुसतं गप्प बसायला एवढे कष्ट पडले.

आमच्या लॅबचा एक नियम होता. कच्चे आकडे पेनने लिहायचे. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि कच्चा कागद कधीही फेकायचा नाही. मी नियम पाळतो. तो कागद माझ्याकडे आहे. माझ्या अक्षरातले ११८, ११६, ११७, आणि कोपऱ्यात तुमचे ८३%.

त्याची झेरॉक्स या पत्रासोबत आहे. मूळ कागद गुरुवारी आर्याला देणार आहे. आधी माझं सांगेन, मग कोपरा दाखवेन. ती माझ्याशी कदाचित कधीच बोलणार नाही. ते तिच्यावर. त्यानंतर जुन्या क्लबला आणि युनिव्हर्सिटीतल्या माझ्या शिक्षिकेला ईमेल जाईल. लिहून ठेवलीय, सात वेळा वाचलीय. त्यानंतर मला कोणी पुन्हा तिसऱ्या वर्षाला घेईल असं वाटत नाही. मला परत जायचं होतं, बाबा. अर्ज भरून ठेवला होता. हे तुम्हाला पहिल्यांदाच सांगतोय.

नव्या क्लबचा फॉर्म कोराच परत पाठवतोय. आर्याची टेस्ट लॅबमध्येच होईल, पुढच्या महिन्यात, शनिवारची ट्रायल गेली तरी. तिने सतरा महिने काम केलंय. कदाचित पंचाण्णव टक्के येईल. येईल तो आकडा तिचा असेल. तुम्ही दुसऱ्या कोणाची सही आणलीत, तर त्या क्लबलाही हाच कागद मिळेल.

तुमच्याकडे बुधवारी पत्र पोचेल. गुरुवारी दुपारी चारपर्यंत वेळ आहे. तिला माझ्याआधी तुम्ही सांगितलंत, तर मी मधे बोलणार नाही. तुमचं वाक्य पुरं होऊ देईन.

आईला नमस्कार. तुमचं ते बोलणं थांबावं म्हणून तिने रविवारी ताटं उचलली, ते मला कळलं.

सही खाली करतोय. आकडाही माझ्याच अक्षरात लिहितोय, जो त्या फॉर्मवर तेव्हाच लिहायला हवा होता.

डावा पाय: ११८ सेंटिमीटर.

वेदांत