लव कुठे वळली

१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी अजून त्याला हवामानाचंच दुखणं म्हणतात का? इकडे सगळे बरे.

अक्षर वाकडं दिसेल, हसू नकोस. उन्हाळ्यापासूनची पत्रं लेकीने लिहिली, ‘आईला कामातून सवड नाही’ म्हणून. सवडच सवड होती गं. कामावर वाफेच्या मोठ्या इस्त्रीत माझे दोन्ही तळहात भाजले होते. तू धावत आली असतीस आणि तुला बघून मी खचले असते, म्हणून नाही कळवलं.

डॉक्टरीणबाईंनी त्वचेचे थर कागदावर काढून दाखवले. मला त्यात रजईच दिसली. वरचं कापड पातळ, पण पाणी नि जंतू तेच अडवतं. झिजेल तसं खालून नवं येतं. मधल्या थरात रक्त, घाम, स्पर्शाचे तंतू. तळाशी चरबीचा कापूस. माझा कापूस तेवढा शाबूत होता. मग मांडीची कातडी काढून हातांना लावली. ती रुजली. हे मला घास भरवता भरवता म्हणाले, ‘आता तळहातांची पण दाढी करावी लागणार तुझ्या.’

कातडी रुजली, पण स्पर्श आला नाही. आणि आमचं काम मखमलीचं. नाटकाच्या पडद्याचे पट्टे कापताना सगळ्यांची लव, म्हणजे मखमलीचे मऊ केस, एकाच दिशेला वळलेली हवी, नाहीतर टांगल्यावर पडदा दोन रंगांचा दिसतो. टेबलावर ते डोळ्यांना कळत नाही, तळहाताला कळतं. मालकीणबाईंनी मला पुसण्याझाडण्याच्या कामाला लावलं. सगळे माझ्याशी फार गोड बोलायचे. तेच जास्त लागायचं.

आज मी आपणहून कापायच्या टेबलापाशी गेले. मालकीणबाईंनी समोरून पट्टा पसरला आणि डोळे मिटायला सांगितलं. आधी हाताखाली नुसतं जाडसर काहीतरी. मग हात मागे ओढताना, बोटांच्या मुळाशी, लव अडली.

‘तुमच्याकडे वळलीय.’

त्यांनी पट्टा फिरवला. ‘आता?’

‘आता माझ्याकडे. आणि फिरवताना तुम्ही कोपरा दुमडलाय.’

‘कात्री घे,’ एवढंच म्हणाल्या.

दिवसभर मी कापत होते, ताई. ऊन-गार अजून नीट कळत नाही, तिथे घाम येत नाही, सारखं मलम चोळावं लागतं. पण लव कळते!

आता खुशाल ये. आल्या आल्या माझ्या हातात हात दे. तुझे किती खरखरीत झालेत, ते मीच सांगेन.

कापायच्या टेबलावर परतलेली,
तुझी धाकटी