रिलीफ येईपर्यंत

१६ एप्रिल १९८४, मद्रास

आज नव्या नोकरीवर रुजू झालो. रेल्वेत फायरमन म्हणून जवानी गेली. पंचेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हरची परीक्षा पास झालो, तीही पुस्तकं स्वतः वाचून, कुणाच्या शिकवणीशिवाय. आणि वर्ष भरायच्या आत रेल्वे सोडली. माझा मेहुणा, सरोजाचा धाकटा भाऊ वादिराज, माझ्याच बॅचचा, वयानं निम्मा. म्हणाला, भावजी, सर्टिफिकिटावरची शाई तरी वाळू द्या. मला तेवढा वेळ नाही. तिथं अजून किती वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली. इथं पहिल्या दिवसापासून इंजिन माझं.

खताचा कारखाना, गुम्मिडिपूंडीच्या वाटेवर. एक डिझेल इंजिन, आतल्या आत डबे ढकलायचे. आधीचा ड्रायव्हर हंबीरराव आपल्याच तंजावरकडचा निघाला. डोकं पांढरंशुभ्र, म्हणून मी अहोजाहो केलं. चार्ज म्हणून त्यांनी रिव्हर्सर हँडल माझ्या हातात दिलं. वीतभर लोखंड, पण त्याशिवाय इंजिन पुढे ना मागे. सोडणाऱ्यानं घेणाऱ्याच्या हाती द्यायचं, हीच रीत. त्यांनी दोन्ही हातांनी दिलं, प्रसाद द्यावा तसं, आणि चपला इथंच टाकून अनवाणी फाटकाकडे पळाले. म्हाताऱ्या माणसाला लघवीची घाई, दुसरं काय.

१७ एप्रिल

पाळी बदलायला येणारा रिलीफचा ड्रायव्हर काल आला नाही. तो येईपर्यंत इंजिन सोडायचं नाही, असं मॅनेजर म्हणाले. मला हे शिकवायची गरज नव्हती. केबिनमध्येच झोपलो. कँटीनच्या भवानीअम्मा ताक देतात ते बांबूच्या आकड्याला लोटा अडकवून, पायरीला हात न लावता. मी विचारलं, सोवळं आहे का? तर म्हणाल्या, तसंच समज. कंट्रोलरचे स्क्रू ढिले होते, आवळले. सगळं डाव्या हातात हँडल धरूनच करतो. सवय चांगली.

२१ एप्रिल

अजून रिलीफ नाही. सरोजा डबा घेऊन फाटकावर आली होती, पुळियोदरै, तिच्या हातचा चिंचेचा भात. पहारेकऱ्यानं डबा घेतला, तिला आत सोडलं नाही. तिनं निरोप ठेवला, लग्नातसुद्धा तुम्ही घड्याळच बघत होता, बसा आता इंजिनाशी संसार करत. खरं तर भेटायला जाणार होतो. हँडल सीटवर ठेवायला गेलो आणि बोटं उघडेनात. उकाड्यानं आखडली असतील. तेल चोळलं.

२६ एप्रिल

तेलानं काही होत नाही. आज भर दुपारी हँडल हातात घेऊनच उतरलो. फाटक समोर दिसत होतं, पलीकडे रस्त्यावर बस उभी होती. सरळ चालत राहिलो. हात लावला तो फाटकाला नव्हे, इंजिनाच्या पायरीला. पुन्हा गेलो. पुन्हा पायरी. पहारेकरी बघत होता. हसला नाही.

२ मे

भवानीअम्मांना विचारलं, हंबीरराव किती वर्षं होते? म्हणाल्या, कसली वर्षं, यंदाच जानेवारीत पोंगल झाल्यावर आला, सव्वीस वर्षांचा पोरगा, रेल्वेतून नुकता पास होऊन. इथं सगळे तसेच येतात, नवे, घाईचे. जुने ड्रायव्हर हे हँडल घेत नाहीत. मग मी का घेतलं, कुणी सांगितलं का नाही, असं ओरडलो. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस? मग तुझ्याआधीच्यानं आणखी किती दिवस ओढायचं?

खिडकीच्या काचेत पाहिलं. भुवयासुद्धा पांढऱ्या.

७ मे

आज सरोजाला आत सोडलं. खाली उन्हात उभी होती. मला म्हणाली, ताता, आमचे हे इथं काम करतात, तुम्ही पाहिलंत का?

मी नाव घेतलं तिचं. ती दचकली, पदर ओढून मागे सरली — म्हाताऱ्याला माझं नाव कसं ठाऊक, असं पहारेकऱ्याला विचारत गेली —

मला ताता म्हणाली, आजोबा.

९ मे

दात हलतात. उठवत नाही. कुणी आलं तरच सुटका. कुणीही येवो. कुणीही.

११ मे

भवानीअम्मा म्हणाल्या, नवा ड्रायव्हर ठरला. त्यानंही रेल्वे सोडली. बहिणीचा नवरा इथं हरवलाय, त्याला शोधायला म्हणून ही नोकरी धरली —

वादिराज.

नको. मी देणार नाही. इथंच मरेन, पण —

१२ मे

येतोय. रुळावरून, नवी खाकी, भांग पाडून. वही मांडीवर, डावा हात मांडीखाली दाबून बसलोय —

पायरीवर चढला. नमस्कार करतोय. ताता, माझे भावजी कुठं आहेत, विचारतोय. मी म्हणणार होतो, पळ. तोंडातून आलं, ये बाळा, आधी चार्ज घे, मग सांगतो. हा आवाज माझा नव्हे — इतका गोड —

हात मांडीखालून निघाला. करंगळी सुटली. इतक्या दिवसांनी. किती बरं वाटतंय, देवा, दुसरंही बोट — वादिराज, हात मागे घे, मी तुझा — तो हसतोय, दोन्ही हात पुढे —