कुलदीपदादाच्या ढिगातली तीन अंडी अन् मायं बाकीचं सामान

मी, पूनम रामराव कळंबे, राहणार पांढुर्णा, जाम नदीच्या काठची गल्ली, धंदा झेरॉक्स काढणे, आज पोळ्याच्या दिवशी दुपारी, डोकं ठिकाणावर असताना हा कागद लिहून ठेवून राहिली. डोकं ठिकाणावर हाय हे मुद्दाम लिहिलं. उद्या गोटमार हाय, उद्या ते ठिकाणावर राहीन का नाई याची गॅरंटी नाई. मले कोणी धमकावलं नाई, फूस लावली नाई. उलट सगळे म्हणून राहिले का असं करू नको.

आमचं गाव हिंदीवाल्या राज्यात हाय, तं तहसीलीत असे कागद हिंदीत होतात. मी तहसीलीच्या फाटकासमोर हेमंतभाऊच्या दुकानात चार वर्षांपासून झेरॉक्स काढते, तं लय लोकाइच्या वसीयती, म्हंजे मृत्युपत्रं, माया हातून गेल्या. वाचायच्या नसतात, पण मशीन गरम होईपर्यंत माणूस करन काय? मी मात्र मराठीत लिहून राहिली. हिंदी कागद वाचून दाखवला का आई फक्त मान हलवते. मराठीत भांडते. हा कागद ऐकून तिनं भांडावं अशी माई इच्छा हाय.

हे सगळं मी तोंडानं काऊन नाई सांगत असं कोणी विचारन. चार माणसं पाहत असली का माया आवाज पोटातच बसून राह्यते. आठवीत मॅडमनं उभं करून धडा वाचाले सांगतला. मी घरी आली, ती परत गेलीच नाई. शेजारच्या पुष्पाकाकू मले मुकी म्हणतात. त्याइचं खाली कलम चारमध्ये पाहावं.

कलम एक. ढिगाबद्दल.

माया मोठा भाऊ कुलदीपदादा मंडीत संत्र्याची छाटणी करते. मोठं फळ एक नंबर, बारकं चार नंबर. गोटमारीच्या गोट्याइची पण तो तशीच छाटणी करते. गोटमार ज्याले माहीत नसन त्याच्यासाठी लिहिते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधात पळसाचं झाड गाडतात, त्याले झंडा बांधतात, अन् इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, झंड्यासाठी एकमेकाइले गोटे मारतात. दवाखान्याचा तंबू पण लागते. यंदा दादानं पुराच्या आधीच गोटे जमवून पडक्या भिंतीमागं ढीग करून ठेवला. दुसऱ्या कोणी एवढे सारखे गोटे पाह्यले नसतीन. एका टिटवीनं पाह्यले. तिले ते एवढे आवडले का तिनं चार नंबरच्या बाजूनं चार अंडी घातली.

टिटवी घरटं बांधत नाई. उघड्यावर, गोट्यातच अंडी घालते. अंड्याचा रंग मातकट, वरून काळे ठिपके. गोटा कोणता अन् अंडं कोणतं, ते तिलेच समजते.

दुसऱ्याच दिवशी दादानं हात मोकळा कराचा म्हून चार नंबरचा एक उचलला अन् नदीपार फेकला. मले म्हणे, "हा हलका लागला बे." तिकडे सावरगावच्या काठावर माया सख्खा अतुलमामा बैल धूत होता. त्याच्या पांढऱ्या बंडीवर पिवळं झालं. मामा एवढा ओरडला का मंडीपर्यंत ऐकू गेलं: "अबे पांढुर्ण्यावाल्याहो! गोटे संपले काय तुमचे? सख्ख्या मामाले सडके अंडे मारता?"

तेव्हापासून मामा घरी आला नाई. राखीले पण नाई. आईनं आणलेली राखी साखरेच्या डब्यावर ठेवून हाय अन् तिले मुंग्या लागल्या. अंडं कोणाचं होतं ते फक्त मले माहीत होतं, अन् मी बोलली नाई. हा माया गुन्हा मी इथं कबूल करते.

राह्यली तीन अंडी. हेमंतभाऊच्या मोबाइलवर पाह्यलं, सव्वीस ते अठ्ठावीस दिवसात फुटतात. उद्या सत्ताविसावा दिवस हाय.

कलम दोन. अंडी दुसरीकडे काऊन नाई नेली.

नेली होती. एक अंडं फक्त वीतभर सरकवलं. टिटवी आली अन् ते अंडं सोडून जुन्याच जागी जाऊन बसली. मी माफी मागून अंडं परत ठेवलं.

मंग दादाले सांगतलं. "दादा, तुया ढिगात टिटवीची अंडी हायेत."

"आमलेट कर."

"पिल्लं हायेत आत."

"पोरी, उद्या पोट्टे ढिगावर तुटून पडतीन. मी काय सांगू त्याइले? टिटवीसाठी थांबा? अख्खं गाव हासन मले." मंग म्हणे, "मी अंडी पाहून घेईन, बाजूचे गोटे उचलू."

मी ढिगाचा फोटो काढून त्याले दाखवला. म्हटलं, अंडी दाखव. त्यानं दोन दाखवली. त्यातलं एक गोटा होता. बापूजीले दाखवला. बापूजी म्हंजे माये आजोबा, चाळीस वर्षं गोटमार खेळले. त्याइनं चष्मा लावून पाच अंडी दाखवली. दादा म्हणे, "फोटोत समजत नाई, हातात घेतलं का बरोबर समजते."

मी म्हटलं, "हातात घेतलं होतं ना तू."

या वर्षात मी त्याच्याशी बोललेलं सगळ्यात मोठं वाक्य हेच हाय. तो चप्पल घालून निघून गेला.

कलम तीन. म्हून मी काय ठरवलं.

उद्या दिवस निघाल्यापासून झंडा तुटेपर्यंत मी त्या ढिगापाशी बसून राहीन. डोक्यावर आईचा भात शिजवाचा गंज घालीन. गंज नंतर आईले परत द्यावा, पोचा आला असन तं आतून ठोकून घ्यावा. माई छत्री आजच अंड्यावर उघडून ठेवली हाय. ती कोणी काढू नये, मी असो का नसो.

बापूजी सांगतात का टिटवी पाय वर करून निजते, आभाळ पडलं तं झेलता यावं म्हून. उद्या आभाळातून गोटे पडणार हायेत. तिच्या दोन पायानं ते काम होणार नाई.

आणखीन एक कारण हाय, ते पण लिहिते. माया आधारवर जन्मतारीख एक जुलै हाय. मास्तरनं वर्गातल्या सगळ्याइलेच एक जुलैले जन्माले घातलं. त्या हिशोबानं मी अठराची झाली अन् हा कागद कायद्यानं चालते. पण खरी मी गोटमारीच्या दिवशी झाली. बापूजी डोकं फुटून तंबूत होते, बाबा नदीवर होते, दाईण पण झंडा पाहाले गेली होती. आई एकटी होती. मी रडली पण म्हणे कोणाले ऐकू नाई आलं, बाहेर एवढा गलका होता. घरच्याइनं मले संध्याकाळी पाह्यलं, अन् पह्यले विचारलं का झंडा कोणाले भेटला.

तं गोटमारीच्या दिवशी जन्मणाऱ्याकडे कोणी पाहत नाई, हे मले माहीत हाय. उद्या तिथं एक माणूस तरी पाह्यजे.

कलम चार. सामानाची वाटणी.

सरपंच नावाची बकरी आईले. तिले झेरॉक्सच्या दुकानापासून दूर ठेवावं. कागद दिसला का ती खाते, वाचत नाई, म्हूनच तिचं नाव सरपंच ठेवलं.

पुष्पाकाकूले: तुमचा राशनकार्डाचा फॉर्म दोनदा भरावा लागला, कारण पह्यला फॉर्म सरपंचनं खाल्ला. मी समोरच उभी होती. पण मी काई बोलली नाई. मी मुकी ना. बकरीचं दूध लागलं तं आईकडून घेत जा, हरकत नाई.

मोबाइल हेमंतभाऊले. काच फुटेल हाय. आतमध्ये टिटवीचे एकसष्ट व्हिडिओ हायेत, त्यातल्या पन्नासात ती माया डोक्यावर चोच मारून राहिली. एकही मिटवू नये. तिच्यासमोर मले कधी लाज वाटली नाई.

गुलाबी ओढणी कोणालेच नाई. ती मले घालून जाळावी.

कुलदीपदादाले मी टिटवीची पिल्लं देते. मी नसली तं तीनही पिल्लाइचा पालक तोच. मंडीतले कुत्रे अन् पुष्पाकाकूची मांजर यांच्यापासून जपावं. खाऊ घालाची गरज नाई. ते अंड्यातून निघाले का त्याच दिवशी चालतात, कोणत्याच शाळेत जात नाईत, अन् त्याइचं काई अडत नाई. फक्त चार नंबरचे गोटे उचलाच्या आधी दादानं दरवर्षी एकदा हलवून पाहावं.

राखी मामाले. मुंग्या झटकून घ्याव्या.

बापूजीले काईच अन् मामाले राखीशिवाय काई दिलं नाई, त्याइनं रागावू नये. ज्याले काई भेटते त्याले साक्षीदार होता येत नाई, असं हेमंतभाऊ म्हणतात. राखी आईची हाय, माई नाई, म्हून ती धरू नये.

कलम पाच. साक्षीदाराइबद्दल.

साक्षीदारानं सही करताना समोर पाह्यजे. म्हून मी दोघाइलेही चार वाजता ढिगापाशी बोलावलं. मामाले निरोप आईनं पाठवला. मामा पोळ्यासाठी सजवलेला बैल घेऊनच आला, त्याले एकटं सोडवत नव्हतं. बापूजी ढिगाच्या एका बाजूले बसले, मामा दुसऱ्या. दोघाइचे तोंड दोन दिशेले. वरून टिटवी दोघाइच्याही टोप्या उडवून राहिली होती, तिनं पांढुर्णा-सावरगाव असा भेदभाव केला नाई.

मी हा कागद मोठ्यानं वाचला. पाच जण ऐकत होते. माया आवाज निघाला, काऊन निघाला ते मले माहीत नाई. ढिगाची गोष्ट आली तसा मामा म्हणे, "थांब. म्हंजे ते अंडं टिटवीचं होतं?"

"हो मामा."

"सडकं नव्हतं?"

"नाई. एका दिवसाचं होतं. ताजं."

मामानं जरा वेळ बंडीकडे पाह्यलं, जशी काई तीच बंडी अंगात हाय. "ताजं होतं तं मंग काई हरकत नाई," म्हणे. "मले सडक्याचा राग आला होता." आईनं तिथंच त्याच्या मनगटावर राखी बांधली, मुंग्यासकट.

बापूजी म्हणे, "लिव पोरी. साक्षीदाराइचं बयान."

ते असं: आमी खाली सह्या करणारे दोघं लिहून देतो का पूनमनं आमच्या समोर सही केली. उद्या ही पोरगी इथं बसणार हाय तं आमी पण बसू. बापूजी पांढुर्ण्याकडे तोंड करून, अतुल सावरगावकडे तोंड करून. आपल्या बापूजीवर गोटा माराले पांढुर्ण्यात कोण पुढं येते, अन् अतुलवर माराले सावरगावात कोण, ते आमाले पाहाचंच हाय. एकमेकाइशी बोलणं बंधनकारक नाई.

मंग दादानं पेन मागतला. तो एवढा वेळ बैलामागं उभा होता. त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: ढिगाचा मालक म्हणून माई काई हरकत नाई. ढीग सोडला. उद्याचे गोटे दुसरीकडून पाहीन. कोणी हासलं तं हासो.

लिहून देणार: पूनम रामराव कळंबे (सही)
साक्षीदार एक: बापूजी कळंबे, पांढुर्णा (अंगठा, कारण चष्मा टिटवीनं पाडला)
साक्षीदार दोन: अतुल, सावरगाव (सही)
ढिगाचा मालक: कुलदीप (सही)

कागदाच्या कोपऱ्यात जो पांढरा डाग हाय तो सरकारी शिक्का समजू नये. तो वरून आला.

ठिकाण: पडक्या भिंतीमागं, जाम नदी, पांढुर्णा
तारीख: २२ ऑगस्ट २०२५, पोळा

दुरुस्ती. सह्या होत असतानाच एक अंडं फुटलं, सकाळीच त्याले बारीक तडा गेला होता. वर जिथं जिथं "तीन अंडी" लिहिलं हाय तिथं "दोन अंडी अन् एक पिल्लू" असं वाचावं. दोन बाकी हायेत, म्हून हा कागद रद्द समजू नये, मी उद्या बसणारच हाय. पिल्लू गोटमारीच्या एक दिवस आधीच आलं. ओलं हाय, उभं हाय, अन् त्याचा आवाज सगळ्याइले ऐकू आला. त्या वेळी हजर: आई, बापूजी, मामा, दादा, हेमंतभाऊ, मी, अन् शिंगं रंगवलेला एक बैल.