वजनाचा रिकामा रकाना

१२ जुलै २०१९ रोजी सकाळी लिंगपूजा आटोपून मी संगणकापुढे बसलो आणि रुग्णाच्या वजनावरून इंजेक्शनची मात्रा ठरवणारा प्रोग्राम दोन तासांत नव्याने लिहिला. नव्याने लिहिण्याची गरज नव्हती.

मी संगमेश्वर शरणप्पा बिरादार, वय ४९, राहणार उदगीर. आजार पोटाचा आहे, बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या पश्चात पत्नी रेणुका हिची. माझी विभूतीची डबी माझ्यासोबत पुरावी.

२. माझ्या सर्व प्रोग्रामचे हक्क जुने सहकारी राजशेखर यांना. सहा वर्षे मी त्यांच्याशी बोललो नाही, कारण चूक माझी होती. त्या सकाळी त्यांनी स्वतःचा प्रोग्राम पुढे केला होता. "सर, आठ वर्सं दवाखान्यात चालून राहिलाय. कुठं कुठं ठेचा खाल्ल्या ते समदं यात हाय. ह्योच घ्या की."

मी म्हणालो, "तुझं उष्टं मी कशाला खाऊ?"

ते हसले. "पूजेला शरण संतांची वचनं तरी रोज नवी रचता का, सर? जुनीच म्हणता न्हवं?"

त्यांच्या प्रोग्राममध्ये वजनाचा रकाना रिकामा राहिला तर काम थांबे. माझा प्रोग्राम आधीच्या रुग्णाचे वजन धरून पुढे गेला. चौतीस किलोच्या गुणाबाईंना ऐंशी किलोच्या माणसाची मात्रा सात दिवस दिली गेली. त्या जादा औषधाने त्यांचे दोन्ही कान गेले.

३. अहमदपूरचा प्लॉट गुणाबाईंना. मी त्यांच्या घरी जाऊन त्यांना सगळे सांगितले. एकही शब्द पोचणार नाही हे ठाऊक होते, म्हणूनच सांगू शकलो. त्या म्हणाल्या, "जेवून जा, बाबा."

४. प्रोग्राममध्ये मात्रा ठरवणारा भाग राजशेखर यांचाच ठेवावा व मागेल त्या दवाखान्याला फुकट द्यावा. एका ठिकाणची चूक सापडली की दुरुस्ती सर्वांना कळवावी. हुशारी दाखवायला कोणी तो पुन्हा लिहू नये.

५. परिचारिका सिंधु यांच्याकडून वजन भरायचे राहिले, म्हणून दवाखान्याने त्यांना काढले. "मशीननं दाखवलं तेवढंच दिलं, साहेब," असे त्या माझ्यासमोर सांगत होत्या. मी कागद चाळत राहिलो. हे सारे माझ्या मृत्यूनंतर उघड व्हावे, असा आधी बेत होता. पण मेलेल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही. म्हणून आज सही करण्यापूर्वी माझा प्रोग्राम आणि लेखी कबुली पोलीस ठाण्यात दिली, आणि पोच सिंधु यांच्या हाती सोपवली.

सही: संगमेश्वर शरणप्पा बिरादार
साक्षीदार: १. व्यंकटराव मुळे २. आनंदराज कांबळे
उदगीर, ३ नोव्हेंबर २०२५